कापसातून ‘का’ काढला तर

परवा यवतमाळहून वणीला निघाले होते. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते, तोच मारेगावच्या अलीकडे रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसला. बाभळीला कापूस येत नाही एवढं मलाही कळतं. शीग लावून भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना काट्यांना घासून जातात आणि मग हिवाळाभर ती झाडं पांढरे पुंजके मिरवत उभी असतात. दरवर्षी दिवाळी सरली की हे दिसतं आणि दरवर्षी माझा हात आपोआप मांडीवरच्या पिशवीत जातो, आतले कागद चाचपायला. कागद आता नसतात. ते काम सुटून कितीतरी वर्षं झाली. पिशवीत चष्म्याचं घर असतं, पाण्याची बाटली असते, शेजारच्या लेकराला कबूल केलेला एखादा खाऊ असतो. तरी हात जातो, आणि मन त्या एका वेचणीच्या हंगामापाशी जाऊन बसतं. वणी येईपर्यंत काही ते उठत नाही.

माझं तेव्हाचं काम कोणाला एका वाक्यात सांगता यायचं नाही. एका संस्थेने आम्हा आठ-दहा जणींना गावोगाव धाडलं होतं. पहिलीतल्या मुलाला बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ऐकू येतात का, ते पाहायचं. वाचायला लावायचं नाही, लिहायला लावायचं नाही. नुसतं तोंडाने बोलायचं आणि कानाने ऐकायचं. ‘सागर’ म्हण. आता ‘सा’ सोडून म्हण. ‘गाडी’सारखा वाजणारा दुसरा शब्द सांग. ‘बादली’ म्हणताना किती टाळ्या वाजतात? ज्या मुलाला शब्द असा तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो त्याला पुढे अक्षरं लवकर लागतात, ज्याला येत नाही त्याचा आधी कान तयार करून घ्यावा लागतो, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते मला आजही पटतं. माझे वडील दिग्रसच्या कोर्टात कारकून होते. त्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे पोरांचे कान तपासतेस का तू? मी हो म्हणून टाकलं.

गावांतही तेच झालं. मी ‘कानवाली म्याडम’ झाले. शाळेच्या पायरीवर म्हातारी माणसं येऊन बसायची. कोणी कानात वाजतं म्हणून सांगायचं, कोणी मान कलती करून सरळ कानच पुढे करायचं. एका आजोबांना मी परोपरीने समजावलं की हे तसलं तपासणं नव्हे. त्यांचं म्हणणं, लेकरांचे तपासता आणि म्हाताऱ्याचे नाही, हा कुठला न्याय? शेवटी मी त्यांच्याही कानांत डोकावले आणि दोन्ही चांगले आहेत म्हणून सांगितलं. ते समाधानाने घरी गेले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्याचं नाव सारखं पेपरात यायचं आणि पेपरात आलं की माणसं यायची. मुंबईची, दिल्लीची, कॅमेरेवाली, फॉर्मवाली. घरात माणसं किती, विहिरीला पाणी आहे का, झोप लागते का. ज्या त्या ओसरीवर कोणीतरी पेन उघडून बसलेलं असायचं. विचारणारे निघून जायचे आणि पुढे त्याचं काय झालं ते गावाला कळायचं नाही. त्यामुळे कागद घेऊन आलेल्या माणसाला काय सांगायचं आणि काय नाही, याचा लहान पोरांनाही चांगला अंदाज आला होता. मीही कागद घेऊनच आले होते. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण मी स्वतःला त्या बाकीच्यांतली समजतच नव्हते. मी लेकरांसाठी आले होते ना!

मुकुटबनला मी खोली घेतली होती. तिथून सकाळी कधी काळी-पिवळीत कोंबून, कधी कोणा मास्तरांच्या दुचाकीमागे बसून पुढच्या खेड्यात जायचं. थंडीने नाक लाल झालेलं असायचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं फुटलेलं शिवार आणि मधूनमधून तुरीची पिवळी फुलं. कापसाला वास असतो हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दव वाळत असताना तो येतो, थोडा धुरकट, थोडा तेलकट, सरकीचा. अजून कुठे नवीन गादी भरताना तो वास आला की मला घाईघाईने कुठेतरी पोहोचायचं आहे असं वाटू लागतं.

मुलं मात्र शाळेत कमी आणि शेतात जास्त. वेचणीला आई गेली की धाकटं भावंड सांभाळायला थोरलं जातं आणि थोरल्याच्या मागे मधलं. जी काही हाती लागत ती माझ्यासमोर सतरंजीवर येऊन बसत आणि अशी उत्तरं देत की मला हसू आवरायचं नाही. ‘मुंगी’ आणि ‘बैल’, यातला मोठा शब्द कोणता? बैल. हात पसरून दाखवत, बैल. ‘भात’मधून ‘भा’ काढला तर काय उरतं? एक पोरगी म्हणाली, गंज. आमच्याकडे भात शिजवायच्या पातेल्याला गंज म्हणतात, आणि खरंच आहे, भात काढून घेतला की गंजच उरतो. ‘कापूस’मधून ‘का’ काढला तर? एका मुलाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, सरकी. माझ्या तक्त्यात उत्तर ‘पूस’ असं होतं. मी फुली मारली.

आज वाटतं, त्या मुलाशी थोडं बोलायला हवं होतं. लहान मुलाला शब्द हा आवाज आहे हे माहीतच नसतं. त्याच्या लेखी शब्द म्हणजे ती वस्तूच. कापूस म्हटलं की त्याच्या हाताला बोंड लागतं, त्याचं टोचणं लागतं. त्या वस्तूवरचं लक्ष काढून नुसत्या आवाजावर आणायचं, ही केवढी मोठी उडी आहे! आपण ती कधी मारली ते आपल्याला आठवत नाही, म्हणून आपण सतरंजीवर बसून फुल्या मारू शकतो. झरीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, एका चिमुरडीने मला एकसारखे वाजणारे चांगले सात-आठ शब्द जुळवून दाखवले होते, सगळे कोलामीतले. माझ्या तक्त्यात त्यांना रकाना नव्हता. मी तिला शाबासकी दिली आणि रकाना रिकामा ठेवला.

काजल मला भेटली ती मुकुटबनपासून सात-आठ कोसांवरच्या एका गावात. शाळा चार वर्गांची, खोल्या दोन, मास्तर एक. वानखडे गुरुजी. एका वर्गाला पाढे म्हणायला लावून दुसऱ्या वर्गाच्या वह्या तपासताना तिसऱ्या वर्गाकडे डोळे वटारणारा सज्जन माणूस. त्यांनी काजलला मुद्दाम शेतातून बोलावून घेतलं होतं. मुलगी दुसऱ्यांदा पहिलीत बसली होती. वेचणी सुरू झाली की ती जायची, परत यायची तोवर वर्ग पुढे गेलेला असायचा, आणि मग ती वर्गात तोंडच उघडायची नाही. गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की पोरगी डोक्याने कमी आहे.

त्या वर्षी आमची संस्था यवतमाळला अशा मुलांसाठी एक निवासी शाळा काढणार होती. आमच्या तपासणीत ज्याला शून्य, त्याचं नाव त्या यादीत. गुरुजींनी काजलच्या आईशी आधीच बोलून ठेवलं होतं. दोन वेळचं जेवण मिळेल, कपडे मिळतील, तिच्याजोगं काही शिकवतील. त्यांच्या मनात पोरीचं भलंच होतं. आई तयार झाली होती. शाळेतली माणसं म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं तिला वाटत होतं.

काजल समोर येऊन बसली. फ्रॉकच्या बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. बोटांच्या टोकांवर बोंडाच्या टरफलाने पडलेले बारीक ओरखडे. मी नेहमीप्रमाणे गोड आवाज काढला, पेन उघडलं आणि म्हटलं, काजल, ‘सागर’ म्हण. आता पहिलं अक्षर काढून म्हण बरं. तिने माझ्याकडे दचकून पाहिलं. ती नजर मला आता कळते. तेव्हा वाटलं, पोर बुजलं. तिने उजव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट दाबून धरला आणि बाराही प्रश्न होईपर्यंत तो काढला नाही. मी बारा वेळा ‘प्रतिसाद नाही’ लिहिलं आणि खाली शून्य. बिस्किट पुढे केलं तर तेही तिने घेतलं नाही, कारण हात तोंडावरून काढायला हवा होता.

आता फक्त संमतिपत्रावर आईची सही हवी होती. आई दिवसभर शेतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मीच शेतात गेले.

काजलच्या आईचं नाव शोभा. आदल्या संध्याकाळी तिच्या घरावरून गेले होते तेव्हा दारातून आतल्या भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो दिसला होता, त्याला ताज्या झेंडूचा हार. शेत तिचं नव्हतं. आठ-दहा बायकांच्या टोळीत ती रोजाने वेचायला जायची. मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, खाली उतरले. कंबरेएवढ्या पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, बायका वाकलेल्या, कमरेला बांधलेल्या झोळ्या फुगलेल्या. प्रत्येकीला ओळींची आपापली पट्टी नेमून दिलेली, तिला त्या पात म्हणतात. माझी चाहूल लागली आणि बोलणी थांबली. मग ओळींच्या मधूनच एक बारीक, खणखणीत आवाज आला.

“चडमम्या चलीआ. चगदका चऊनघे चलीआ.”

आणि लांबच्या पातेवरून एका वयस्क बाईचा दबका आवाज, “चपग चसाब.”

मी जागीच थबकले. म्याडम आली. कागद घेऊन आली. गप बसा. मला सगळं कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच पुढचं पाऊल उचलेना.

च-ची भाषा! शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेपटीला लावायचं आणि पुढे ‘च’ बसवायचा. पाणीची चणीपा. दिग्रसला असताना माझी थोरली बहीण आणि मी जेवताना याच भाषेत वडिलांसमोर त्यांच्याचबद्दल बोलायचो. शेजारी जिनिंग होतं, त्याची धडधड दिवसभर चालायची, वरणात कापसाचा तंतू निघाला नाही असा हिवाळ्यातला दिवस नसायचा, आणि त्या धडधडीत आम्ही दोघी खुसखुसत भरभर बोलत सुटायचो. वडील म्हणायचे, हे काय चिवचिव लावलंय? बहीण आता नागपुरात असते. फोनवर आम्ही दोघी दुखण्यांबद्दल बोलतो. ती भाषा आम्ही कधी सोडून दिली ते दोघींनाही आठवत नाही.

पाण्याची बाटली काखेत घेऊन पऱ्हाटीतून वाट काढत चाललेली ती बारीक आवाजाची मुलगी काजल होती. एका पातेवरून दुसऱ्या पातेवर निरोप नेत होती, कोणी विचारलं तर तिथल्या तिथे उत्तर देत होती, सगळं च-च्या भाषेत, आणि मोठ्या बायका जिथे अडखळत तिथे ती अडखळत नव्हती. शब्द मोडायचा, मोडलेला तुकडा तोंडात धरून ठेवायचा, उरलेलं आधी म्हणायचं, मग धरलेलं सोडायचं. हे सारं एका श्वासात, चालता चालता. माझे बारा प्रश्न यापुढे काहीच नव्हते. आणि मी तिला शून्य दिलं होतं. त्या उन्हात मला इतकी लाज वाटली की तो कागद मी पदराआड धरला, कोणी मागितलेला नसताना.

मग मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, “चलेम चमजतेस.” मले समजते.

वाकलेल्या बायका सरळ झाल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्याच हसू लागल्या. एक काजल तेवढी हसली नाही. ती होती तिथेच दोन झाडांच्या मध्ये मटकन बसली आणि तिने तळवा तोंडावर दाबून धरला, अगदी कालच्यासारखा.

सगळ्यांत वयस्क होत्या त्या कौसल्याबाई. टोळी त्यांची, भाषाही त्यांनीच आणलेली, त्यांच्या माहेरची. शेताचा मालक फटफटीवर चक्कर मारायचा आणि कोणी कंबर टेकलेली दिसली की बोलायचा. त्याच्या देखत एकमेकींना सांगायचं तर ही सोय. पोरांच्या तोंडून ती बाहेर फुटू नये म्हणून कौसल्याबाईंनी एक रीत पाडली होती, ती त्यांनीच मला तिथे सांगितली. जे कोणी ही भाषा शिकेल त्याच्या मुठीत बोंडातला ताजा कापूस द्यायचा आणि शपथ घालायची: पात सोडून दुसरीकडे ही बोलायची नाही, आणि पेनवाल्या माणसासमोर तर तोंडच उघडायचं नाही. काजलने ती शपथ घेतली होती. आणि मी काय केलं होतं? पेन उघडून तिच्यासमोर बसले आणि पहिलंच म्हटलं, शब्दातलं पहिलं अक्षर काढ. तिला वाटलं, या बाईला आमचं गुपित कळलंय आणि ती आता माझ्याकडून वदवून घेतेय. तिने आपल्या माणसांना दगा दिला नाही, एवढंच तिचं चुकलं होतं.

ही भाषा येते म्हणजे पोरगी हुशार आहे, असं मी शोभाला सांगू लागले तेव्हा तिला त्यातलं काहीच गंभीर वाटेना. झोळी सावरत ती म्हणाली, “हे त खेळ हाये जी. खेळाले कोठी डोकं लागते?”

मी म्हटलं, ‘मुकुटबन’ म्हणून दाखव या भाषेत. शोभा थांबली, ओठांतल्या ओठांत जुळवू लागली. तेवढ्यात तिच्या पायाशी बसलेल्या काजलचे डोळे चमकले. तिला येत होतं, पण तोंडावर हात होता. कौसल्याबाईंनी ते पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या की आम्हाला विचार करावा लागतो, या पोरीला नाही लागत. त्या दिवशी त्या शेतात परीक्षा घेणारी मी एकटीच नव्हते, हे मला बरं वाटलं.

मग त्यांनी मला विचारलं, शाळेत सांगणार का तुम्ही? प्रश्न साधा नव्हता. शेताचा मालक हाच शाळा समितीचा अध्यक्ष. तपासणीचे कागद समितीच्या बैठकीत वाचले जात. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. असं नाही म्हणणारी माणसं त्या वर्षांत त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. मग त्या वाकल्या, एका बोंडातला कापूस उपसला आणि काजलच्या डाव्या मुठीत ठेवला.

“मार फुक. म्हण, सुटली.”

काजलने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पेनाकडे. मी पेन काढून कौसल्याबाईंच्या हातात दिलं. तेव्हा कुठे तिने तोंडावरचा हात काढला, मूठ उघडून जोरात फुंकर मारली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “सुटली.” कापूस काही लांब गेला नाही, तिच्याच केसांना चिकटला. सही न घेताच, उद्या पोरीला शाळेत घेऊन ये एवढं शोभाला सांगून मी परत आले.

फेरतपासणी करायची तर कारण लिहावं लागे. तसा नियम होता आणि नियम चांगलाच होता, नाहीतर ज्याने त्याने मनाला येईल तसे गुण वाढवले असते. दुसऱ्या दिवशी शाळेत बसून मी त्या रकान्याकडे बराच वेळ पाहत राहिले. खरं कारण लिहिलं तर बायकांची भाषा मालकाच्या कानावर जाणार. खोटं लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं. मग सुचलं की एक कारण असं आहे जे खरंही आहे आणि कोणाला झोंबणारंही नाही. मी लिहिलं, ‘तपासणाऱ्याची चूक’. त्यापायी यवतमाळला मला वरिष्ठ बाईंनी उभं करून पुष्कळ ऐकवलं आणि पुढच्या हंगामात मला घेतलं नाही. त्याचं वाईट वाटलं, पण खोटं सांगत नाही, फार नाही वाटलं.

वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं, आणि ते अजून जात नाही. काजलच्या आधी त्या हंगामात मी कितीतरी मुलांपुढे शून्य लिहिलं होतं. ते कागद लिफाफ्यांतून कधीच पुढे गेले होते. राजूरला खाणीच्या वसाहतीत एक मुलगा होता, प्रत्येक प्रश्नाला नुसता मान हलवायचा. पोडावरची ती चिमुरडी होती. त्यांच्या शून्यामागे काय होतं ते विचारायला मी कोणाच्या शेतात गेले नाही. काही मुलांना खरोखरच मदत हवी असेल, ती त्यांना त्या शाळेत मिळालीही असेल. पण कोणाला हवी होती आणि कोणाला नव्हती, हे मला आज सांगता येणार नाही. बाभळीवरचा कापूस दिसला की हात पिशवीत जातो तो त्याच कागदांसाठी, असं मला वाटतं.

फेरतपासणीच्या सकाळी शोभा काजलला घेऊन शाळेत आली. ऐन वेचणीत अर्धा दिवस मोडून. गुरुजींनी बाकीच्या वर्गांना बाहेर लिंबाखाली बसवलं आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले. शोभा आत आली नाही, चौकटीला टेकून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी पेन पिशवीत ठेवलं. उत्तरं लक्षात ठेवायचं ठरवलं होतं.

‘सागर’. ‘गर’. ‘बादली’. ‘दली’. ‘पाखरू’. ‘खरू’. काजल उत्तर देत होती आणि दर उत्तरानंतर आईकडे पाहत होती, चालेल ना, अशा नजरेने. बारा प्रश्न संपायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग खुर्चीवरून उठून ते तिच्यासमोर सतरंजीवर बसले आणि आपल्या मनाने तेरावा शब्द घातला. तिने त्याचंही पहिलं अक्षर काढून दाखवलं. गुरुजी मला म्हणाले की दोन वर्षं ही पोरगी माझ्या डोळ्यांसमोर होती. 

“म्हंजे माही पोट्टी कमी नाही ना?” शोभाने दारातून विचारलं.

मी सांगितलं, नाही. या हंगामात मी एवढी मुलं तपासली, पण इतक्या लवकर कोणीच उत्तरं दिली नाहीत. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिचा चेहरा उलट उतरत गेला. ती उंबऱ्यावर खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. काजल उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. गुरुजी म्हणाले की आता हिला वर्गात बसू द्या, आजपासूनच मी हिच्याकडे बघतो.

शोभाने मान हलवली. “आजच्या दिवस राहू द्या गुरुजी. मले तिच्यासंग बोलाचं हाये.” मग थोडं थांबून, आमच्या दोघांकडेही न पाहता म्हणाली, “दोन सालापासून मी तिले नुसती कामंच सांगून राह्यली. हिले का समजते म्हणून बोललीच नाही कधी.”

गुरुजींनी हजेरीपटात काजलच्या नावापुढे हजेरी लावली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. शाळेच्या फाटकातून शेताची वाट डावीकडे जाते. त्या दोघी उजवीकडे वळल्या, घराकडे.